यक्षी, पायताण आणि आपला अभिमान

लंडनच्या रॉयल अकॅडमीत शिल्पकार मृणालिनी मुखर्जी आणि त्यांच्या वर्तुळातल्या कलावंतांचं मोठं प्रदर्शन झालं. ऑक्टोबर २०२५ च्या अखेरीला उघडलं, फेब्रुवारी २०२६ पर्यंत चाललं. त्यातल्या दोरांच्या एका शिल्पाचा फोटो मी नातेवाइकांच्या ग्रुपवर टाकला आणि दादरहून मावसभावाचा निरोप आला: "ताई, आपल्या यक्षीचं पोतं करून टाकलंय, आणि तू तिकीट काढून बघतेस. आपलं पवित्र ते मोडायचं आणि आपलं विकाऊ ते चोरायचं, असं यांचं चाललंय. कोल्हापुरीचं काय केलं आठवतंय ना?" त्याखाली तीन अंगठे आणि एका काकांचं 'अगदी बरोबर'.

गेल्या वर्षभरात मराठी घरांतून जो वाद झाला तो अख्खा या निरोपात आला आहे. ग्रुपवर त्याला उत्तर देणं म्हणजे दिवाळीपर्यंत अबोला, म्हणून इथे लिहिते.

आधी यक्षीचं, म्हणजे जुन्या शिल्पांतल्या त्या वृक्षदेवतेचं. 'यांनी' तिला काहीही केलेलं नाही. मृणालिनी मुखर्जी मुंबईत जन्मल्या, १९४९ साली. वडील बिनोदबिहारी मुखर्जी, शांतिनिकेतनचे चित्रकार. आई लीला मुखर्जी, स्वतः शिल्पकार, नेपाळमध्ये तिथल्या कारागिराकडून लाकूड कोरायला शिकलेल्या. मुलीचं शिक्षण बडोद्याला, चित्रकार के. जी. सुब्रमण्यन यांच्या हाताखाली. दगड नाही, माती नाही, तिने धरला दोर. बाजारात मिळतो तो हेंपचा जाडाभरडा दोर घ्यायचा, सोडवायचा, रंगवायचा आणि लोखंडी सांगाड्यावर गाठीमागून गाठ मारत जायचं. आधी आराखडा काढायचा नाही, गाठी जशा सरकतील तसं शिल्प वाढू द्यायचं. एकेका मोठ्या कामात महिनोन्महिने जात. उभं राहिलं की ते माणसाएवढं, कधी माणसाहून उंच. समोरून देवी वाटते, बाजूने बघितलं तर एखादं प्रचंड फूल उमलत असावं असं, मागे गेलात तर नुसत्या घड्या आणि अंधार. नावं 'यक्षी', 'पक्षी', 'वनश्री' अशी.

मंदिराच्या भिंतीवर, स्तूपाच्या कठड्यावर झाडाची फांदी धरून उभी असलेली यक्षी आपण पाहिलेली असते. झाड आणि बाई यांच्यातली रेघ तिथेही पुसटच आहे. मुखर्जींनी ती रेघच काढून टाकली. याला मोडतोड म्हणायचं असेल तर अजिंठ्यापासून वेरूळपर्यंत जे बदललं ते सगळं मोडतोडच म्हणावं लागेल. नंतर त्या मातीकडे वळल्या, मग मेणाच्या साच्याने कांस्य ओतायला लागल्या. ओतकामाची ही रीत आपल्याकडे मोहेंजोदडोच्या नर्तिकेपासूनची. म्हणजे तंत्र जुनंच घेतलं, पण त्यातून जे काढलं ते आधी कुणी काढलेलं नव्हतं.

आता मावसभावाचा पुढचा मुद्दा, जो तो रागाच्या भरात मांडतो आणि आमचे इथले, लंडनमधले मराठी मित्र कौतुकाच्या भरात: शेवटी कदर परदेशातच होते. वरवर बघितलं तर पुरावा आहे. ऑक्सफर्डच्या आधुनिक कलेच्या संग्रहालयाने १९९४ मध्येच मुखर्जींचं स्वतंत्र प्रदर्शन भरवलं. दिल्लीच्या राष्ट्रीय आधुनिक कला संग्रहालयातलं सिंहावलोकन मात्र जानेवारी २०१५ मध्ये झालं आणि ते उघडल्यावर आठवड्याभरात, २ फेब्रुवारीला, त्या गेल्या. न्यूयॉर्कच्या मेट ब्रॉयरने २०१९ मध्ये मोठं प्रदर्शन केलं. इथे टेट मॉडर्नच्या संग्रहात त्यांचं एक दोरशिल्प आहे. संग्रह बघायला प्रवेश फुकट, आणि ते मांडलेलं असलं की शाळेची पोरं त्याच्यासमोर फरशीवर मांडी घालून चित्रं काढतात. आपल्याकडे बराच काळ 'धाग्याचं काम' म्हणजे हस्तकला, आणि हस्तकला म्हणजे शिल्पकलेच्या खालची पायरी, असंच धरलं गेलं. हे खरं आहे आणि त्याची लाज वाटायलाच हवी.

पण ही गोष्ट इथून सुरू होत नाही. ती सुरू होते मुंबईत, एका सरकारी खात्यात.

सुब्रमण्यन बडोद्याला मुखर्जींना शिकवायच्या बऱ्याच आधी, १९५९ ते १९६१ या काळात, मुंबईत अखिल भारतीय हातमाग मंडळात डिझाइन विभागाचे उपसंचालक होते. त्याआधी १९५६ मध्ये पुपुल जयकरांच्या पुढाकाराने विणकर सेवा केंद्रं सुरू झाली होती. कल्पना आज ऐकायलाही धाडसी वाटते. चित्रकारांना महिन्याच्या पगारावर नोकरीला ठेवायचं. त्यांच्या शेजारी विणकर, रंगारी, ठसे कोरणारे, तेही पगारावर. चित्रकाराने कागदावर काढायचं, विणकराने सांगायचं की मागावर हे असं बसणार नाही, मग दोघांनी मिळून मार्ग काढायचा.

आपले प्रभाकर बरवे १९६१ मध्ये या केंद्रात नोकरीला लागले, आधी बनारसला, मग मुंबईला. नागावचा हा माणूस, जे. जे. मधून शिकलेला, वर्षानुवर्षं दिवसा कापडाची डिझाइनं करायचा आणि उरलेल्या वेळात चित्रं. बनारसच्या दिवसांत त्यांच्या चित्रांत तंत्रसाधनेतल्या आकृती आल्या, पुढे त्या गळून गेल्या आणि वस्तू, पोकळी, सावल्या राहिल्या. (बरवे म्हटलं की आता बहुतेकांना फेब्रुवारी २०१९ मध्ये मुंबईच्या आधुनिक कला संग्रहालयात त्यांच्या प्रदर्शनाच्या उद्घाटनाला अमोल पालेकरांना भाषण करताना मध्येच अडवलं गेलं, तेच आठवतं. चित्रं कुणाला आठवतात?) मागावर काम केलेला चित्रकार रंगाकडे वेगळ्या नजरेने बघतो. सुब्रमण्यन हीच नजर घेऊन बडोद्याला गेले आणि तिथे त्यांनी विद्यार्थ्यांना सांगितलं की दोर, माती, कापड, खेळणी यांत कमीपणा काही नाही. मृणालिनी त्या विद्यार्थ्यांतली. तेव्हा पिकॅडिलीत, रॉयल अकॅडमीत उभ्या राहिलेल्या त्या दोरांच्या देवतांना मुंबईतल्या हातमागाच्या कचेरीचा हात लागलेला आहे. हे ना रॉयल अकॅडमीच्या रांगेतल्या इंग्रजांना ठाऊक, ना माझ्या मावसभावाला.

आणि म्हणून मला २०२० आठवतं. त्या वर्षीच्या जुलैअखेरीला केंद्र सरकारने अखिल भारतीय हातमाग मंडळ बरखास्त केलं आणि आठवड्याभरात हस्तकला मंडळही. मान्य, तोवर ती केवळ सल्लागार मंडळं उरली होती, सुब्रमण्यनांच्या काळातलं खातं ते नव्हे. पण कारागिरांना सरकारपुढे बसून बोलायची जी एक खुर्ची होती ती गेली. हातमागाशी संबंध असलेल्या मोजक्या लोकांनी लिहिलं, बोललं. आमच्या ग्रुपवर त्या आठवड्यात काय होतं? करोनाचे काढे.

पाच वर्षांनी कोल्हापुरीवर मात्र आभाळ कोसळलं. जून २०२५ मध्ये मिलानमध्ये प्राडा या इटालियन फॅशन कंपनीच्या पुरुषांच्या शोमध्ये मॉडेलांच्या पायांत जी चप्पल दिसली ती बघून कोल्हापूरच्या शेंबड्या पोरानेही ओळखलं असतं. प्राडाने तिला 'लेदर सँडल' म्हटलं, भारताचा उल्लेख नाही. मग गदारोळ, महाराष्ट्र चेंबर या व्यापारी संघटनेचं पत्र, प्राडाची कबुली की हो, ही भारतीय पारंपरिक पादत्राणांवरून सुचली. मुंबई उच्च न्यायालयात जनहित याचिका, ती जुलैत फेटाळली गेली. प्राडाची माणसं कोल्हापुरात येऊन कारखाने बघून गेली. डिसेंबरमध्ये मुंबईत करार झाला. संत रोहिदास चर्मोद्योग महामंडळ आणि कर्नाटकाचं तसंच महामंडळ यांच्याबरोबर. त्यात २,००० जोड भारतात बनवायचे, किंमत साधारण ८०० युरो, आणि कारागिरांना प्रशिक्षण असं ठरलं.

या प्रकरणात मी कुणाच्या बाजूची? प्राडाने नाव घेतलं नाही, तो उद्दामपणाच. करार झाला, ते चांगलं झालं. पण 'आमच्याकडे जीआय आहे' म्हणून जे शड्डू ठोकले गेले त्यात दम नव्हता, आणि हे कुणीतरी स्पष्ट सांगायला हवं होतं. जीआय, म्हणजे २०१९ मध्ये मिळालेलं भौगोलिक मानांकन, महाराष्ट्रातल्या कोल्हापूर, सांगली, सातारा, सोलापूर या चार जिल्ह्यांना आणि कर्नाटकातल्या चार जिल्ह्यांना आहे. ते रक्षण करतं नावाचं. दुसऱ्याने आपल्या मालाला 'कोल्हापुरी' म्हणून विकलं तर पकडता येईल. चपलेचा घाट, वेणी, कान, अंगठा, यांवर त्याची मालकी चालत नाही. प्राडाने नाव वापरलंच नव्हतं. म्हणजे ज्या कारणासाठी आपण चिडलो, नेमक्या त्याच कारणाने कायद्याच्या कचाट्यातून ते सुटत होते.

बरं, 'आमची कोल्हापुरी' मधले आम्ही कोण? बाभळीची साल आणि हिरडा घालून कातडं कमावणारे ढोर आणि चर्मकार समाजाचे लोक. त्यांची वस्ती गावाबाहेर ठेवणारे आणि आज त्यांच्या चपलेवर हक्क सांगणारे बहुतेक आम्ही एकच. आमच्या आजोबांनी कापशी पायताण घालून करकर आवाज करत पेठेतून मिरवलं असेल. ते शिवणाऱ्याच्या हातचं पाणी ते प्यायले असते का? मावसभावाला हा प्रश्न मी फोनवर विचारला. तो म्हणाला, "जुन्या गोष्टी कशाला उकरतेस?" दोन हजार वर्षांच्या यक्षीवर हक्क सांगायचा तर जुन्याचं चालतं, ऐंशी वर्षांपूर्वीचं पाणी मात्र फार जुनं.

आणि जुनंच कशाला? मार्च २०१५ मध्ये महाराष्ट्रात गोवंशहत्याबंदी बैलांपर्यंत वाढवली गेली. म्हशीवर बंदी नव्हती, तरी कातड्याची ने-आण करायला माणसं घाबरू लागली, कच्चा माल महागला, मिळेनासा झाला. कोल्हापुरात आणि धारावीत चामड्याच्या कामावर त्याचा परिणाम झाला. कारागिराच्या पोटावर थेट आलेली ती गोष्ट होती, मिलानच्या कुठल्याही फॅशन शोपेक्षा थेट. तेव्हा कुणी 'आमची अस्मिता' म्हटल्याचं मला स्मरत नाही.

त्यातून एक गोष्ट मात्र निघाली, आणि ती मुंबईतच. सुधीर राजभर या तरुण कलाकाराने धारावीतल्या, काम गमावलेल्या चर्मकारांना सोबत घेतलं आणि जुन्या टायरच्या रबरापासून पिशव्या, मग खुर्च्या बनवायला सुरुवात केली. ब्रँडचं नाव ठेवलं 'चमार'. शिवी म्हणून फेकला जाणारा शब्द थेट लेबलवर. २०२४ च्या डिसेंबरात त्या खुर्च्या अमेरिकेत 'डिझाइन मायामी' या प्रदर्शनात मांडल्या होत्या. रबर कातड्यासारखंच कापायचं, तीच सुई, तीच टाक्याची पद्धत. परंपरा जिवंत आहे का हे मला विचाराल तर मी संग्रहालयाच्या आधी त्या टाक्याकडे बोट दाखवीन.

इकडच्या देशाचं कौतुक करायलाही माझी जीभ फार सैल नाही. ब्रिटनमध्ये हस्तकला जपणाऱ्या एका संस्थेने २०१७ मध्ये धोक्यात आलेल्या कारागिरींची पहिली यादी काढली. त्यात हाताने शिवलेला क्रिकेटचा चेंडू थेट 'नामशेष' या रकान्यात होता. ज्या देशाने क्रिकेट शोधलं तिथे तो चेंडू हाताने शिवणारं कुणी उरलं नाही. काम स्वस्तात होतं म्हणून आपल्याकडे गेलं. त्यावर इथे हळहळणारे लेख आले, पण मेरठने आमचा चेंडू चोरला म्हणून लॉर्ड्सवर कुणी मोर्चा नेला नाही. टाके कुणी घालायचे हे शेवटी मजुरीवर ठरतं, हे त्यांना पक्कं माहीत आहे. दीडशे-दोनशे वर्षं ते ठरवणारे तेच होते.

शिवाय इथल्या कौतुकाला अंतराची फोडणी असते. माझ्या ऑफिसातली एक बाई ते प्रदर्शन बघून आली आणि म्हणाली, किती प्राचीन वाटतं ना सगळं. १९८४ सालचं काम, माझ्या धाकट्या भावाच्या वयाचं! भारतातून आलेलं काहीही प्राचीन असतं, तसं असलं की त्याच्या कर्त्याचा पगार विचारावा लागत नाही. आणि आम्ही परदेशस्थ तरी काय करतो? महाराष्ट्र मंडळात पाडव्याला कोल्हापुरी घालून जातो, फोटो काढतो आणि घरी येऊन ती पिशवीत गुंडाळून माळ्यावर टाकतो, कारण लंडनच्या पावसात ती दोन दिवसांत लादीपावासारखी फुगते.

नावं गाळायची ही सवय मुंबईतही दगडात कोरून ठेवलेली आहे. छत्रपती शिवाजी महाराज टर्मिनसची इमारत १८८८ मध्ये पुरी झाली. तिचे माकड, मोर, पानं, वेली कोरल्या त्या जे. जे. स्कूलच्या विद्यार्थ्यांनी. वास्तुकार स्टीव्हन्स सगळ्यांना ठाऊक आहे. त्या पोरांची नावं रोज त्या कमानीखालून लोकल पकडणाऱ्या लाखोंपैकी कुणी सांगू शकणार नाही. १८५७ मध्ये सुरू झालेली ही शाळा तर मुळात कला आणि कारागिरी दोन्हींसाठी होती. तिथल्या ग्रिफिथ्ससाहेबांनी १८७२ पासून तेरा वर्षं विद्यार्थ्यांना अजिंठ्याला नेऊन भित्तिचित्रांच्या नकला करून घेतल्या. गुहांत वटवाघळं, धूर, अपुरा उजेड. पेस्तनजी बमनजी त्या पोरांपैकी एक, पुढे नावारूपाला आलेला. नकला लंडनला पाठवल्या आणि १८८५ च्या आगीत त्यांतल्या पुष्कळशा जळाल्या. उरलेल्या इथे व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट संग्रहालयात आहेत आणि आजही 'ग्रिफिथ्सच्या' म्हणूनच ओळखल्या जातात.

कुणी म्हणेल, आपल्या संस्कृतीत कारागीर नावाला महत्त्व देतच नव्हता, तो निनावी राहण्यात धन्यता मानी. हे वाक्य मी इतक्या व्याख्यानांत ऐकलंय की आता चीड येते. कन्नडजवळच्या पितळखोऱ्याच्या लेण्यांत सापडलेला बुटका, हसरा यक्ष दिल्लीच्या राष्ट्रीय संग्रहालयात आहे. इसवी सनापूर्वीचा, त्याच्या डोक्यावर टोपलं. त्याच्या हातावर कोरलेलं आहे की हा कान्हदास नावाच्या सोनाराने केला. सोनाराने! दागिने घडवणारा माणूस दगडात शिरला आणि सही करून गेला. कार्ल्याच्या चैत्यगृहात धेनुकाकटच्या सामी या सुताराचं नाव दरवाजाच्या कामाशी कोरलेलं आहे. एकवीरेला जाणारे निम्मे मुंबईकर त्या लेखासमोरून जातात. सांचीच्या तोरणावर विदिशेच्या हस्तिदंत कोरणाऱ्यांनी, हे आमचं काम, असं लिहून ठेवलं आहे. प्राचीन म्हणून ज्यांच्या नावाने आपण छाती फुगवतो ते आपल्या कामावर नाव घालत होते. ते पुसलं नंतरच्यांनी, त्यात साहेब होता तसे आपणही.

मुखर्जींचं काम मला म्हणूनच यक्षीच्या फार जवळचं वाटतं, तिच्या आकारामुळे नाही तर त्या सोनारामुळे. एका हाताची विद्या घेऊन भलत्याच माध्यमात घुसायचं, आणि आपल्या नावावर घुसायचं.

तेव्हा भांडायचं असेल तर भांडणाला विषय भरपूर आहेत. त्या २,००० जोडांच्या डब्यावर महामंडळाचं आणि प्राडाचं नाव असेलच, शिवणाऱ्याचं असू दे. दुकानातली ८०० युरो किंमत सगळ्या पेपरांनी ठळक छापली, एका जोडामागे मजुरी किती ते विधानसभेत विचारलं जाऊ दे. धारावीच्या पुनर्विकासात कुंभारवाड्याला सदनिका मिळतील, पण भट्टी सातव्या मजल्यावर लावता येत नाही. तिथल्या कुंभारांना जमिनीवर जागा, धुराची सोय आणि माती उतरवायला रस्ता लागतो. माहीम-सायनच्या रस्त्यावरून जाणाऱ्या कुणालाही हे दिसतं, त्यासाठी मिलान गाठावं लागत नाही.

मावसभाऊ म्हणाला, "मग सरकारने कलाकारांना पगार द्यायचे की काय?" हो, द्यायचे. १९५६ मध्ये आजच्यापेक्षा कितीतरी गरीब असलेल्या देशाने दिले होते. मुंबईचं विणकर सेवा केंद्र अजून ऑपेरा हाउसच्या बाजूला आहे, दादरहून बसने जाता येतं. तिथे डिझाइनच्या किती जागा मंजूर आहेत, त्यांतल्या किती भरल्या आहेत आणि किती वर्षांत एकाही चित्रकाराची नेमणूक झाली नाही, एवढं विचारायला माहितीच्या अधिकाराचा एक अर्ज पुरतो. दहा रुपये लागतात.